बाखला विस्मृतीतून परत आणणारी मैफल

पाश्चात्य अभिजात संगीताचा पाया म्हणून आज योहान सेबास्टियन बाख याचे नाव घेतले जाते. मात्र १७५० मध्ये लाइपझिग येथे त्याचे निधन झाले, तेव्हा निष्णात ऑर्गनवादक हीच त्याची प्रमुख ख्याती होती. त्याच्या रचनांपैकी फारच थोड्या छापल्या गेल्या होत्या. हस्तलिखिते पत्नी व मुलांमध्ये वाटली गेली. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याने आर्थिक अडचणीपायी आपल्या वाट्यातील काही विकली, तर धाकटा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने आपला वाटा जिवापाड जपला.

बाखचे नाव पूर्णपणे पुसले गेले नव्हते. त्याच्या वादनरचना जाणकार अभ्यासत होते. मोत्सार्ट व बीथोव्हेन यांनाही त्या परिचित होत्या. परंतु चर्चसाठी लिहिलेले भव्य गायनप्रबंध सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नव्हते. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवर आधारित 'सेंट मॅथ्यू पॅशन' हा त्यांतलाच एक.

या ग्रंथाची नक्कल फेलिक्स मेंडेल्सन याला आजीकडून भेट मिळाली होती. गायक-नट एदुआर्द देव्रियंट याच्या साथीने त्याने प्रयोगाचा घाट घातला. बर्लिनच्या 'झिंगअकादमी'चे संचालक व मेंडेल्सनचे गुरू कार्ल झेल्टर प्रथम राजी नव्हते. पण शिष्यांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, मेंडेल्सनने हा प्रयोग सादर केला. श्रोत्यांत तत्त्वज्ञ हेगेलही होते. मागणी एवढी, की २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, दुसरा प्रयोग झाला.

हा प्रयोग मूळबरहुकूम नव्हता. मेंडेल्सनने अनेक एकलगीते गाळली, काही जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट वापरली. तरीही बाखच्या पुनरुज्जीवनाला खरी गती येथूनच मिळाली. १८५० मध्ये स्थापन झालेल्या 'बाख गेझेलशाफ्ट'ने पुढील अर्धशतकात त्याच्या समग्र रचना प्रकाशित केल्या.

दैवगती अशी, की पुढे मेंडेल्सनवरच विस्मरण लादले गेले. तो ज्यू कुळातील असल्याने नाझी राजवटीत त्याच्या संगीतावर बंदी आली आणि १९३६ मध्ये लाइपझिगमधील त्याचा पुतळा हटवण्यात आला. २००८ मध्ये त्या पुतळ्याची प्रतिकृती तेथे उभी राहिली, तीही बाखने ज्याच्यासाठी आयुष्य वेचले, त्या सेंट थॉमस चर्चच्या समोर.