सायकलनं लिंबागणेशला

कुठल्याही महिला मंडळात विचारून पाहा, सायकल येते का? निम्म्याहून अधिक हात वर होतील. मग विचारा, शेवटची कधी चालवलीत? इथं मात्र हसू फुटतं. “अहो, लग्नाआधी!” कुणी भावाच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून शिकलेली असते, कुणी तासाच्या भाड्याच्या सायकलीवर गुडघे फोडून घेतलेले असतात. अलीकडच्या सुनांनी तर मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून शाळा गाठलेली असते. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना या सायकली मिळतात त्या शाळा सुटू नये म्हणून. शाळा संपते, लग्न ठरतं आणि सायकल धाकट्या बहिणीकडे जाते, नाहीतर गोठ्यात उभी राहते.

आता तुम्ही म्हणाल, सायकल कशाला, स्कूटी आहे की घरात! आहे ना. पण स्कूटीवरून आपण जातो कुठं? भाजीला, पोरांच्या क्लासला, गॅसच्या नंबरला, सासऱ्यांच्या औषधाला. ती गाडी कामाची आहे. नुसतं फिरायला, वाटेत थांबत, झाडाखाली बसत, देऊळ पाहत जाण्याचा आनंद तिच्यावरून मिळत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं सायकल काढायचं म्हटलं, तर तिच्या यजमानांचा पहिला आक्षेप काय होता ठाऊक आहे? “लोक म्हणतील, यांच्याकडे पेट्रोलला पैसे नाहीत!” पडशील, थकशील असं काही नाही. लोक काय म्हणतील, एवढंच.

फ्रान्स देशात सायकलचा मान काही निराळाच आहे. तिथली ती जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली, हे पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९३६ साल. त्या वर्षी तिथं कायदा झाला आणि कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. गिरणीतले, कारखान्यातले नवरा-बायको सायकलींवर, कित्येकदा दोघांनी मिळून पायडल मारायच्या जोडसायकलीवर, तंबू बांधून खेड्यापाड्यांकडे आणि समुद्राकडे निघाले. सायकली त्याआधीही होत्याच की! नव्हती ती रजा.

आज तिथं ल्वार नदीच्या खोऱ्यातून सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. नदीकाठची गावं, द्राक्षाचे मळे, जुने राजवाडे पाहत बायाबापड्या आठ-आठ दिवस फिरतात. त्याच मुलखात शेर नावाच्या नदीवर शनाँसो हा वाडा आहे. त्याला ‘बायकांचा वाडा’च म्हणतात, आणि त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. मूळ मालक लढायांच्या धामधुमीत बाहेर असायचे, म्हणून बांधकामावर देखरेख केली ती त्यांच्या पत्नीनं, कातरीन ब्रिसोने यांनी. पुढं वाडा राजाच्या ताब्यात गेला, आणि दुसऱ्या हेन्री राजानं तो दिला आपल्या आवडतीला, दियान द प्वातिए हिला. तिनं वाड्यापासून नदीच्या पलीकडे पूल बांधला. १५५९ मध्ये राजा वारला. राणी कातरीन द मेदिची इतकी वर्षं गप्प होती. तिनं सवतीला दुसरा वाडा घ्यायला लावून हा काढून घेतला, आणि तिच्याच पुलावर लांबलचक दालन चढवलं! बायका मिळून काय बांधतील आणि एकमेकींशी कशा भांडतील, दोन्ही त्या एका वाड्यात दिसतं.

पण नदीचं खोरं, जुनं देऊळ, जुनं बांधकाम आणि त्यांच्यामधून जाणारा रस्ता पाहायला फ्रान्सच गाठायला हवं असं थोडंच आहे? बीडच्या बाईला हे सगळं तीसेक किलोमीटरांत मिळतं. बीडहून लिंबागणेश. मागच्या कार्तिकात आम्ही पाचजणी जाऊन आलो. त्यातल्या दोघींनी वीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता, म्हणून आधी महिनाभर रोज पहाटे गावातल्या गावात फेऱ्या मारल्या.

निघायचं कंकालेश्वराला नमस्कार करून. पाण्याच्या कुंडात उभं असलेलं ते दगडी देऊळ आपण बीडकर फक्त महाशिवरात्रीला पाहतो. तिथून बिंदुसरेची सोबत सुरू होते. एरवी ओढ्यासारखी वाटणारी ही नदी. पण जुलै १९८९ च्या पुरानं तिनं शहरातल्या वस्त्याच्या वस्त्या धुऊन नेल्या, माणसं नेली. ज्यांनी ती रात्र पाहिली त्या बायका अजून पावसाळ्यात नदीकडे पाहताना बोलायच्या थांबतात.

शहराबाहेर साधारण सहा किलोमीटरवर खजाना विहीर. सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखान या जहागीरदारानं ती बांधवली. म्हणजे तिकडे शेर नदीवर पूल उभा राहत होता, साधारण त्याच शतकात इकडे ही विहीर! तिच्यात जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि तसंच बोगद्यातून पुढं शेतांना जातं. मोट नाही, पंप नाही. उतारावर पाणी आपसूक वाहावं अशी पातळी साधलेली. दुष्काळी जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी ही अक्कल होती. तिथं पाच मिनिटं नव्हे, चांगला अर्धा तास थांबा.

पुढं पालीचं बिंदुसरा धरण, आणि मग मांजरसुंब्याचा घाट. इथं मी स्पष्टच सांगते, हा धुळे-सोलापूर हमरस्ता आहे. मालमोटारी भरधाव जातात आणि चढ दमवणारा आहे. पहिल्या खेपेला सायकली टेम्पोत घालून मांजरसुंब्याला न्या आणि तिथून चालवा. यात कमीपणा कसला? घाट चढून दाखवायला आपण शर्यतीला नाही निघालेलो. मांजरसुंब्याजवळूनच कपिलधारची वाट लागते. मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा, दोन्ही तिथं. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, तेव्हा मात्र सायकलनं जाऊ नये. रस्ता माणसांनी भरलेला असतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या दिशेनं वळलं की बालाघाटचं पठार सुरू होतं. ज्वारी, तूर, मधूनच उघडे माळ, टेकड्यांच्या उतारावर सीताफळीची झाडं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच खडकाळ जमिनीच्या गोडीवर. वारा समोरून असला तर दम निघतो. पाठीमागून असला की पायडल मारायला नको.

या पठाराची गंमत पाण्यात आहे. पाटोदा तालुक्यातल्या वाघिऱ्याजवळ बिंदुसरा उगवते, ती उत्तरेला बीडकडे उतरते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीत जाते. त्याच तालुक्यात मांजरा उगवते. ती तोंड फिरवून पूर्वेला निघते, केज, लातूर, बिदर करत सातशेवर किलोमीटर हिंडून तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीलाच भेटते. दोघी बहिणी दोन दिशांना दिल्या आणि पुन्हा आईच्या दारी भेटल्या म्हणा ना! सौताड्याला कड्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र सीना-भीमेच्या वाटेनं थेट कृष्णेच्या घरात जाते. एका तालुक्याचं पाणी दोन मोठ्या नद्यांना वाटलेलं आहे, आणि तरी एप्रिलमध्ये इथल्या बायकांच्या डोक्यावर हंडे असतात. मांजरा तर धनेगावच्या धरणात अडवलेली. तिनं पाठ फिरवली तेव्हा २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. गाडीतून जाताना हे चढ-उतार कळत नाहीत. सायकलवर मांडीला बरोबर कळतं, पाणी कुठल्या बाजूला वाहत असेल ते.

लिंबागणेशला भालचंद्र गणेशाचं देऊळ आहे. गणपतीच्या एकवीस स्थानांत त्याची गणना होते. शाप मिळालेल्या चंद्रानं इथं तप केलं आणि गणेशानं त्याला कपाळी धारण केलं, अशी कथा सांगतात. म्हणून भालचंद्र. जवळच कुंड आहे. आम्ही दर्शन घेऊन सावलीत शिदोरी सोडली, तशा गावातल्या दोन-तीन पोरी सायकलींभोवती जमल्या. “काकू, गिअरची हाय का?” साधीच होती. पोरींची जरा निराशा झाली.

त्या दिवसांत रस्त्यावर दुसऱ्याही बायका भेटतात. दिवाळी सरली की या पट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लेकरं आणि वर बसलेली माय. तीही घराबाहेर पडलेलीच, पण हौसेनं नव्हे. कोयत्याला खाडा धरला की दंड बसतो, त्या भीतीनं अनेकींनी गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. आमच्या बाजूनं एक ट्रॉली गेली तेव्हा वरच्या बाईनं हात हलवला, आम्हीही हलवला. रजा कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे त्या रस्त्यावर फार उघडं दिसतं.

आणि आपल्या रजेचं काय? आमच्या पाचजणींत सगळ्यांत कठीण काम घाट नव्हता, तो एक दिवस काढणं होतं. रविवार मुळीच निवडू नका. घर भरलेलं असतं, नाश्त्यालाच दहा वाजतात. आम्ही बुधवार घेतला. एकीची जाऊ दिवसभर दोन्ही घरची पोरं सांभाळायला तयार झाली, बदल्यात पुढचा बुधवार तिचा. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, “देवाला चाललात ना? मग जा.” देवाचं नाव घेतल्याशिवाय बाईला उंबरा ओलांडता येऊ नये याचं मला वाईट वाटतं. पण आपल्या आजी-पणजीही असंच वारी, यात्रा, माहेर करत मुलूख पाहून आल्या, तेव्हा गणपतीचे आभारच मानायचे. मात्र आदल्या रात्री दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवून जाऊ नका. ती रजा नव्हे. वरणभाताचा कुकर कुणालाही लावता येतो.

आता थोडं तयारीचं. सीट इतकी उंच हवी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकावा. सीट खाली ठेवली तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. साडी नको, सलवार-कमीज बरा, आणि ओढणी आडवी गुंडाळून पाठीमागे गाठ मारायची. चाकात गेलेली ओढणी जिवावर बेतते. सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावलं की साखळीचं तेल लागत नाही. लागलंच तर डागावर खोबरेल चोळून मग साबण लावा. डोक्याला हेल्मेट हवंच. हवा आदल्या दिवशी भरा, जादा ट्यूब आणि पंप एकीकडे असू द्या. पंक्चरचं दुकान माळावर सापडत नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. पाण्यात लिंबू, मीठ, साखर घालून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागण्याची वाट न पाहता.

भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस उत्तम. भाद्रपदात धबधबे असतात, आश्विन-कार्तिकात सीताफळं. फाल्गुनानंतर नाव काढू नका. परतताना घाट उतरायचा झाला तर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आळीपाळीनं दाबा, नुसता पुढचा कधीच नाही. आणि वाटेत सीताफळं घेतलीत तर डोळे उघडलेली पण कडक बघून घ्या. आमच्यातल्या एकीनं पिकलेली घेतली, आणि बीडला पोचेपर्यंत पिशवीत रबडी झाली होती.