किराणाही सहकाराने



उसाचे बिल हप्त्याने मिळते, चूल मात्र रोज पेटवावी लागते. मग उधारीची वही फुगते आणि दुकानदार लावील तो भाव मुकाट्याने द्यावा लागतो. मुंबईच्या पगारदार मंडळींनी यावर काढलेला तोडगा आपण पाहू.

तेथे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड अशा उपनगरांत तिची पद्धत रुजली. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात. प्रत्येक घर महिन्याची यादी आधी भरून देते. सर्वांची बेरीज करून माल घाऊक भावाने घेतात. तो एका घरी उतरतो आणि सभासदच वाटून घेतात. दुकानभाडे नाही, दुकानातल्या नोकरांचा पगार नाही. यादी आधीच ठरल्याने नको ती खरेदीही टळते.

यादीत काय असावे? धान्याच्या प्रथिनात जे उणे, ते डाळ भरून काढते. डाळीतले उणे धान्य भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर रोज वरण किंवा उसळ हवीच. जोडीला शेंगदाणे, पालेभाजी. एवढ्याने पोराबाळांचे ताट सकस होते.

ऊस आपण एकत्र गाळतो. आता बिलाचा हप्ता हाती येताच किराण्याची रोख बाजूला काढावी आणि गल्लीतल्या दहा घरांनी मिळून माल आणून पाहावा. उधारीची वही आपोआप मिटेल.