ज्योत्स्ना भोळे: नव्या रंगभूमीचा आवाज

नाट्यसंगीत म्हटलं की आपण थेट बालगंधर्वांकडे जातो. पण ज्योत्स्नाबाईंना विसरून कसं चालेल? गोव्याच्या बांदिवड्यातल्या, माहेरच्या दुर्गा केळेकर, जन्म १९१४चा. लग्न संगीतकार केशवराव भोळ्यांशी. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि तासन्‌तास चालणाऱ्या पदांऐवजी मोजकी, भावगीतासारखी गाणी आली. चाली केशवरावांच्या, गळा बाईंचा!

मग १९४२मध्ये नाटककार रांगणेकरांचं 'कुलवधू'. त्यातली 'बोला अमृत बोला' ही मास्तर कृष्णरावांच्या चालीतली भैरवी घरोघरी पोचली. तेव्हा गाणी ऐकली जायची त्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात गाणं उभं करायचं म्हणजे पसाऱ्याला जागाच नाही. बाईंची तान ऐका: छोटी, टपोरी, आणि लगेच शब्दावर परत. शब्द कुठेही चिरडत नाही. माझ्या मते नाट्यपद आणि भावगीत यांच्यातला दुवा इतका सहज दुसऱ्या कुणी जोडला नाही.

२००१मध्ये त्या गेल्या. ती भैरवी आज हेडफोन लावून, सलग दोनदा ऐका. दुसऱ्यांदा फक्त बाईंचे शब्दोच्चार!