ट्रेलरमधला खेळ, हातातला खेळ

हॉटेलबाहेरच्या हिरवळीवर एक लहान मुलगी निपचित पडलेली, मागे संथ पियानो. मग काळ उलटा वाहू लागतो. ती हवेत उचलली जाते आणि फुटलेल्या खिडकीतून पुन्हा खोलीत, आईवडिलांपाशी पोचते. फेब्रुवारी २०११मध्ये आलेला ‘डेड आयलंड’ या व्हिडिओ गेमचा हा ट्रेलर गेम न खेळणाऱ्यांनीही पाहिला. सप्टेंबरमध्ये गेम हाती आला, तेव्हा त्यात मुख्यतः मिळेल ते हत्यार घेऊन झोंबींना बडवत सुटायचे होते.

याला फसवणूक म्हणणे जरा जास्तच होईल. सिनेमॅटिक ट्रेलर हा ॲनिमेशनचा छोटा चित्रपटच असतो आणि बऱ्याचदा तो वेगळाच स्टुडिओ करतो. त्यातली एकेक फ्रेम तयार व्हायला तासन्‌तास लागले तरी बिघडत नाही. गेमला ही सवलत नसते. बटण दाबताच पडद्यावर काहीतरी घडायला हवे, म्हणून सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम तिथल्या तिथे काढाव्या लागतात. ६०च्या वेगात एका फ्रेमच्या वाट्याला १७ मिलिसेकंदही येत नाहीत. सरावलेल्या खेळाडूला हा फरक पाहताक्षणी कळतो.

खरी गफलत होते ती चित्रपट खेळाचा वेष घेऊन येतो तेव्हा. २००५च्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात सोनीने ‘किलझोन २’ची दृश्ये दाखवली. कॅमेरा सैनिकाच्या डोळ्यांतून पाहणारा, हातात बंदूक, म्हणजे अगदी कोणी खेळत असल्यासारखी. प्रत्यक्षात ती आधीच रंगवून ठेवलेली होती. गेम बाजारात यायला २००९ उजाडले. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’चे प्रकरण याहून पुढे गेले. २०१३मध्ये आलेला गेम आधी दाखवलेल्या दृश्यांपुढे फिका पडला. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रार झाली आणि प्रकाशक सेगाने ट्रेलरना खुलासा जोडायचे मान्य केले.

मोबाइलवर तर खेळच बदलतो. ‘होमस्केप्स’च्या जाहिरातीत खिळे ओढून संकटातल्या माणसाला वाचवायचे असते, डाउनलोड केल्यावर मात्र बहुतेक वेळ एकसारख्या तीन वस्तू जुळवण्यातच जातो. सगळी दृश्ये प्रत्यक्ष खेळातली नाहीत, अशी बारीक अक्षरांतली ओळ जाहिरातीत होती. २०२०मध्ये ब्रिटिश नियामकाने ती अपुरी ठरवून जाहिराती थांबवल्या. तो निकाल रास्तच होता, कारण इथे ग्राफिक्सच्या उन्नीस-बीसचा प्रश्न नव्हता. दाखवलेला खेळ एक आणि दिलेला दुसराच, असा मामला होता.

भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जून २०२२मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वे याच बाजूची आहेत. मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल, तर खाली खुलासा छापून तो सावरता येत नाही.