हिरवा रंग सोडून सगळं

लष्कराचा जुना ट्रक विकत घ्यायला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या रंगाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 121 वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याची वाहनं सोडून दुसऱ्या कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे ज्या हिरव्या रंगापायी माणूस लष्कराच्या शक्तिमान ट्रकच्या नादी लागतो, तोच रंग घालवल्याशिवाय शक्तिमान त्याचा होत नाही. चेन्नईजवळ पट्टाभिरामच्या एका आवारात उभा असलेला ट्रक म्हणूनच पिवळा होता, तोही ब्रशने रंगवलेला. दाराच्या कडेचा टवका उडाला होता तिथे खालचा हिरवा दिसत होता आणि माझा मित्र नखाने तो टवका आणखी मोठा करत होता.

मित्र सोन्या-चांदीची गलाई करतो. विटा-आटपाडीकडची मंडळी या धंद्यासाठी देशभर पांगली, तशी चेन्नईच्या सावकारपेठेतही आली. याचं घर त्यातलंच. घरात विट्याची मराठी, दुकानात तमिळ, आणि हिशेबाची भाषा दोन्हींच्या मधली. लहानपणी सुटीत गावी गेला की उसाची उलटलेली ट्रॉली बाजूला घ्यायला शक्तिमानची क्रेन यायची, ती हा बघत बसायचा. आपल्याकडे शक्तिमानचं सेवानिवृत्तीनंतरचं आयुष्य बहुतेक असंच गेलं. घाटात, नाक्यावर, गॅरेजच्या दारात, मागे लोखंडी दांडा आणि साखळी लावून. जीपला लष्करातून बाहेर पडल्यावर सिनेमा मिळाला. ट्रकला क्रेन मिळाली.

हा ट्रक मात्र क्रेन झाला नव्हता. आधीच्या मालकाने त्यावर वीटभट्टीच्या विटा वाहिल्या आणि मग नुसता उभा करून ठेवला. जागाही अशी, की तिथे हा परका वाटत नव्हता. आवडी-पट्टाभिराम हा सगळा पट्टा लष्करी. चेन्नईच्या काही लोकल गाड्या पट्टाभिरामच्या मिलिटरी सायडिंगपर्यंत जातात. पलीकडे आवडीला रणगाड्यांचा कारखाना आहे, तिथून 1965 साली पहिला विजयंता बाहेर पडला. मराठी वाचकाला आवडी आठवते ती 1955 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे, समाजवादी धर्तीच्या समाजरचनेच्या ठरावामुळे. इथल्या माणसाला ती भोंग्यामुळे आणि पाळीच्या बसमुळे माहीत.

शक्तिमान मुळात जर्मन. एमएएन कंपनीच्या 415 या ट्रकचा परवाना घेऊन जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 साली त्याची बांधणी सुरू झाली. संरक्षणमंत्री तेव्हा कृष्ण मेनन. तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्याने ट्रक बनवावा का, यावर तेव्हा कुरकुरही झाली. पुढे त्याच शहरात 1969 साली वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला आणि शक्तिमान तिथून नव्वदच्या दशकापर्यंत निघत राहिला. त्याची जागा घेतली स्टॅलियनने, आणि स्टॅलियन अशोक लेलँडचा, म्हणजे याच चेन्नईतल्या एण्णूरच्या घराण्यातला. तेव्हा मित्र एका अर्थी सुनेच्या माहेरी सासूबाईंना शोधून आला होता.

सैन्यात गाडीचा उपयोग संपला की तिला 'कंडम' करतात. कंडम गाड्यांचा लिलाव होतो. आता तो एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या मार्फत संगणकावर होतो, पूर्वी मैदानात हातोडा आपटून व्हायचा. लिलाव घेणाऱ्याला लष्कराकडून फॉर्म 21 मध्ये विक्रीचा दाखला मिळतो आणि त्याच्या जोरावर आरटीओ नवा नंबर देतं. हा कागद हरवला तर गाडी भंगाराच्या भावाची, मग इंजिन कितीही गोड वाजो. मित्राने ट्रक बघण्याआधी फाइल बघितली, हे मला आवडलं. सोनं तपासणाऱ्याचा हात आहे. चासी नंबर कागदावरचा आणि लोखंडावरचा जुळवायला त्याने रॉकेलचा बोळा आणि खडू आणला होता. घासून खडू फिरवला की ठोकलेले आकडे पांढरे उठतात.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती दुचाकींना आणि खासगी मोटारींना. ट्रक कितीही म्हातारा झाला तरी कायद्याच्या दृष्टीने तो मालवाहूच. दरवर्षी फिटनेस, ज्याला इथे सगळे नुसतं 'एफसी' म्हणतात, शिवाय विमा आणि धुराचा दाखला. आणि चालवायला अवजड वाहनाचं लायसन्स. मित्राच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतल्याच गाड्या. आपला ट्रक त्याला शेजारी बसूनच घरी न्यायचा होता.

म्हणून तात्या. तात्या मूळचे सातारा जिल्ह्यातले, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलीच्या घरी आवडीला राहतात. त्यांनी शक्तिमान कुठे कुठे चालवला हे विचारलं तर फक्त "वर" म्हणतात. पहाटे साडेपाचला ते आले ते थेट ट्रकच्या पोटाखाली शिरले. मित्र चहा घेऊन उभा.

"तात्या, आधी चहा घ्या की."

"फर्स्ट परेड झाल्याबगर चहा न्हाय, शेठ."

सैन्याच्या गाडीचा दिवस तीन परेडींत विभागलेला असतो. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, मुक्कामी लास्ट परेड. यात कवायत कसली नाही. ड्रायव्हरने गाडीभोवती ठरलेल्या क्रमाने फिरायचं आणि ठरलेल्या जागी हात लावायचा. खाली तेलाचा डाग आहे का. रेडिएटरचं पाणी. डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून. फॅनबेल्टवर अंगठा दाबून तो किती आत जातो. प्रत्येक टायरवर हातोडीची एकच टिचकी आणि कान. तात्यांनी तो क्रम जराही न चुकवता केला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी थांबले, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर कुठल्या सालचं हे त्यातून कळतं. "ह्यो पोरापेक्षा मोठा हाय," शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे बघून ते म्हणाले. तो टायर मागे गेला आणि त्याच्या जागी स्टेपनी आली. या अदलाबदलीत बराच वेळ मोडला, कारण नट गंजले होते आणि पाइप घालून पान्यावर दोघांना उभं राहावं लागलं.

मी तोवर मागून वाकून पाहिलं. आधीच्या मालकाचा पिवळा ब्रश जिथवर हात पोचतो तिथवरच गेला होता. खाली सगळं अजून सैन्यातलंच. चासी हिरवी, आणि मागच्या आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोल गोळा पांढरा. लष्करी ट्रकला हा पांढरा गोल असतोच. रात्री दिवे झाकून ताफा चालतो, तेव्हा त्या गोलावर एक बारीकसा दिवा सोडलेला असतो. मागच्या ड्रायव्हरला तेवढाच दिसतो, आकाशातून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पुढच्या बंपरवर पूर्वीच्या नंबराची जागा घासूनही पुसली गेली नव्हती. वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढचे दोन आकडे, म्हणजे भरतीचं साल, तिरप्या उन्हात वाचता येत होतं.

इंजिन सहा सिलिंडरचं डिझेल. पुदुपेट्टैहून आलेल्या मेकॅनिकने आदल्या आठवड्यात टाकीचा तळ खरवडून काढला होता, तेल बदललं होतं, पाण्याचे होज नवे घातले होते. पुदुपेट्टै म्हणजे कूवम नदीच्या काठचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे गाडीचं नाव सांगून काही मिळत नाही, जुना भाग हातात घेऊन जायचं आणि दुकानदार डोळ्यांनी मापतो. शक्तिमानला कुठल्या बसचे होज बसले देव जाणे, पण बसले.

आता राहिला होता एअर. डिझेल इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की नळ्यांत हवा शिरते, आणि हवा दाबली जाते पण जळत नाही. पंपाला दाब मिळत नाही, स्टार्टर नुसता फिरतो आणि बॅटऱ्या मरतात. म्हणून फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी नुसती फुसफुस. मग फेस. मग फेसात डिझेल. मग डिझेलात एखाददुसरा बुडबुडा. मेकॅनिकची घाई होती, तो बुडबुडे विरळ होताच स्क्रू आवळायला निघाला. तात्यांनी त्याचा हात धरला आणि आपल्या सैनिकी तमिळमध्ये त्याला काहीतरी सुनावलं. धार काचेसारखी सलग झाल्यावरच स्क्रू बसला.

दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने धरलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग विरळ. शक्तिमानचा आवाज मोठा असतो पण खडखडाट नसतो, खालच्या सुरातला असतो. मित्र मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करत होता. तात्यांनी चहा मागितला.

रस्ता आम्ही मुद्दाम शहराबाहेरचा निवडला. नेमिलिचेरीला आउटर रिंग रोडला लागायचं, वंडलूरपर्यंत दक्षिणेकडे, तिथून केळंबाक्कमच्या रस्त्याने तिरुपोरूरच्या अलीकडे मित्राच्या शेडपर्यंत. मेकॅनिकच्या पोऱ्याने मागे उभं राहून "वा, वा, वा, होल्डान" करत ट्रक आवाराबाहेर काढला. पॉवर स्टीअरिंग नाही. उभ्या गाडीत चाक फिरवायला तात्यांनी अंगाचं सगळं वजन घातलं, आणि गाडी हलती झाली की तेच चाक दोन बोटांवर आलं. "उभ्या गाडीला वळवू न्हाय," हे त्यांनी मित्राला तेव्हाच बजावलं.

गिअर हा वेगळाच कारभार. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर मोकळ्या गिअरमध्ये इंजिनाला एक हुंकार द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा, मग दांडा घालायचा. आतल्या दोन चक्रांचे वेग जुळले तर दांडा लोण्यात जातो, नाही जुळले तर दात आपटतात ते सगळ्या रस्त्याला ऐकू येतात. आजच्या गाडीत हे जुळवायचं काम आतला एक पितळी गोल करतो. इथे ते कानाने करायचं. तात्या हे करताना मित्राशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते.

वेग चाळीसच्या वर नेला नाही. सहापदरी रस्त्यावर कंटेनरवाले आम्हाला ओलांडताना हॉर्न द्यायचे, काही रागाने, काही कौतुकाने, फरक कळायचा. केबिनमध्ये इंजिनाची ऊब पायापासून वर चढत होती, आणि चेन्नईच्या उन्हाळ्यात ती कुणाला हवी असते. मित्राने विचारलं, ॲव्हरेज काय देईल? तात्या म्हणाले, "सरकारी डिझेल हुतं, शेठ, कुणी मोजलं न्हाय." मग जरा वेळाने: "लिटरला तीन धरा."

वरदराजपुरमजवळ, अडयार नदीच्या पुलाच्या अलीकडे, हॉल्ट परेड. याच भागात 2015 च्या डिसेंबरात घरं पाण्याखाली गेली होती आणि शहरात लष्कराला यावं लागलं होतं. रस्त्याकडेला कलिंगडं विकणाऱ्या बाईंनी पिवळा ट्रक बघूनही "मिलिटरी वंडी" असंच म्हटलं. तात्या चाकांभोवती फिरले आणि प्रत्येक हबवर तळवा ठेवला. मागच्या डाव्या हबवरून तो झटक्यात उचलला. ब्रेकचा शू चिकटून चालला होता, अजून दहा-पंधरा किलोमीटर गेलो असतो तर ग्रीस पातळ होऊन बेअरिंग गेलं असतं. जॅक लावला, चाक अधांतरी केलं, ॲडजस्टर थोडा थोडा मागे घेत ते हाताने फिरवून पाहिलं. चाक आपलं आपण एक फेरा मारून थांबेपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. ट्रॅफिकचा एक हवालदार मोटारसायकल लावून आला, फाइल पानापानाने बघितली, रंगाच्या रकान्यातला पिवळा आणि समोरचा पिवळा जुळवला. मग तात्यांना त्यांची पलटण विचारली आणि दोन हवालदार बराच वेळ बोलत राहिले.

केळंबाक्कमचा रस्ता म्हणजे नुसती गर्दी, तिथलं सांगण्यासारखं काही नाही, क्लचचा डावा पाय सोडून.

शेडमध्ये पोचल्यावर मित्राने नारळ आणून ठेवला होता. तात्यांनी आधी लास्ट परेड उरकली. इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ हळू चालू दिलं, बॅटरीची तार काढली, चाकांना दगडांची उटी लावली आणि जिथे ट्रक उभा होता तिथे खाली एक पुठ्ठा सरकवला, सकाळी डाग कुठे पडतो ते बघायला. मग नारळ फुटला.

रंगाचा प्रश्न तिथेच निघाला. मित्राला हिरवा हवा होता. कितीतरी जीपवाले लावून फिरतात, मी कशाला भिऊ, असं त्याचं म्हणणं. मलाही पिवळा बघवत नव्हता. तात्या ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "हिरवा न्हाय. ती वर्दी हाय, गाडीची हाय आन् तिनं उतरवल्या." मग वाळूचा रंग निघाला, राखाडी निघाला. काहीच ठरलं नाही. एफसीची तारीख जवळ होती आणि रंग बदलायचा तर आरसीवरही बदलावा लागतो.

निघताना तात्यांनी एक वही मागितली. सैन्यात गाडीची रोजची डायरी असते. गाडी कुठून कुठे गेली, किती चालली, किती डिझेल खाल्लं, कोणी नेली. मित्राने दुकानाची लाल खतावणी दिली. तात्यांनी पट्टीने रकाने आखले, तारीख, ठिकाणं, डिझेल भरलं. किलोमीटरपाशी हात थांबला, कारण मीटरचा काटा वाटभर शून्यावरच होता. मित्र मोबाइलमधला आकडा वाचून दाखवू लागला. तो लिहायला त्यांनी सक्त नकार दिला. रकान्यात लिहिलं, 'मीटर नादुरुस्त', आणि वही सहीसाठी मित्रापुढे धरली.