पाना कोणाच्या हाती?

परदेशी चर्चच्या पैशातून आपल्याकडे झालेल्या कामांविषयी चळवळीत दोनच भाषा ऐकू येतात. एक कृतज्ञतेची: त्यांनी पाणी पाजले. दुसरी संशयाची: पाण्यामागे धर्मांतर होते. दोन्ही भाषा देणाऱ्याविषयीच बोलतात. घेणारा माणूस त्यांत कुठेच नसतो. त्याच्या बाजूने हा प्रश्न तपासायचा तर आपल्या वस्तीतल्या हापशाकडे पाहावे.

मराठवाड्याचा खडक काळा आणि कठीण. धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा लागला की आड-विहिरी तळ गाठतात. १९६० नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या चर्चचे जॉन मॅक्लाऊड यांनी जालन्यात हवेच्या दाबावर चालणारी, खडक फोडणारी यंत्रे आणून बोअर घेण्याचे काम सुरू केले. बोअरला पाणी लागे, पण वर बसवलेले बिडाचे हातपंप टिकत नसत. ते युरोप-अमेरिकेतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले नमुने होते. इथे एकाच दांड्यावर दिवसभर साऱ्या वस्तीचे हात पडत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत चारांपैकी तीन पंप बंद आढळले.

मग जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामातूनच पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी ‘इंडिया मार्क २’ तयार केला. १९७७-७८ पासून तो गावोगाव जाऊ लागला. पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. युगांडात त्याचे ‘यू-२’ हे रूप झाले. हापसणाऱ्या हातांनी पहिला नमुना नापास केला आणि देणाऱ्यांनी तो बदलला, एवढ्यापुरता इथे भागीदारी हा शब्द खरा आहे.

परंतु हापसा रोवायचा कुठे, हे कोण ठरवी? जाणकार पाणी दाखवी, पुढारी जागा दाखवी. माझी आई सांगे, तिच्या लहानपणी विहिरीपाशी घागर ठेवून कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहावी लागे. वस्तीत हापसा आला आणि तिचे ते ताटकळणे संपले. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच हापशाने गावाचीही सोय केली. ‘तुमचा हापसा आहे ना, मग विहिरीवर कशाला येता?’ असे म्हणायला गाव मोकळे झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले ते तहानेसाठी नव्हे, समतेसाठी. हापशाने तहान भागवली आणि महाडचा प्रश्न बाजूला ठेवला. चर्चनेही तो फारसा पुढे रेटला नाही. जात चर्चच्या आतही शिरलेलीच होती.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. वस्तीचा हापसा बिघडला की अर्ज द्यायचा आणि तालुक्याहून माणूस येईपर्यंत पुन्हा विहिरीवर हात पसरायचे. म्हणजे पाणी आपले, पण पाना दुसऱ्याचा. हे बदलता येते. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी स्त्रियांना हापसा दुरुस्त करायला शिकवले गेले. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे गाव मानत होते, त्यांच्याच हातांनी साऱ्या गावाचे पाणी पुन्हा सुरू होऊ लागले. हे काम कोणत्याही देणगीपेक्षा महाडच्या अधिक जवळचे आहे.

म्हणून भागीदारी चर्चची असो, सरकारची असो वा एखाद्या कंपनीची, कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. वस्तू कोणाच्या गरजेवर तपासली? जागा कोणी ठरवली? पाना कोणाच्या हाती आहे? देणाऱ्याचा धर्म कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न.

२०१९ पासून जलजीवन मिशनखाली घरोघर नळ देण्याचे काम सुरू झाले. नळ आला तरी टाकीचा व्हॉल्व्ह कोणीतरी फिरवतोच. कोणत्या आळीला आधी पाणी सोडायचे आणि कोणत्या वस्तीला शेवटी, हे त्या हातावर ठरते. तो हात कोणाचा आणि त्याला हुकूम कोणाचा, हे पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे.