इनपुट शून्य, आउटपुट तेरा व्होल्ट

डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये इंटिग्रेटरच्या प्रॅक्टिकलला हे हमखास घडते. ब्रेडबोर्डवर 741, सप्लाय ±15 व्होल्ट, इनपुट ग्राउंडला जोडलेले, तरीही सहा नंबरच्या पिनवर 13 व्होल्ट. शेजारच्या टेबलावर तेच सर्किट उणे 13 दाखवते. दोन्हीकडे आयसी बदलली जाते आणि काही सेकंदांत पुन्हा तोच आकडा. आयसी बहुधा ठणठणीत असते, चूक आपल्या समजुतीत असते.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी इनपुट रेझिस्टर 10 किलोओहम आणि फीडबॅकमधला कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरड धरू. दोघांचा गुणाकार 1 मिलिसेकंद.

गैरसमज: इंटिग्रेटर म्हणजे ऑपॅम्प लावलेला साधा आरसी फिल्टर.

वस्तुस्थिती: नुसत्या आरसी जोडीला 1 व्होल्ट दिला, तर कपॅसिटर भरत जातो तसा त्यात जाणारा करंट कमी होतो. मिलिसेकंदाने त्यावर 0.63 व्होल्ट येतात आणि पुढे चढण मंदावते. ऑपॅम्प मात्र आपली उणे इनपुट पिन ग्राउंडच्याच पातळीवर धरून ठेवतो. त्यामुळे रेझिस्टरमधून अखंड 0.1 मिलिअँपिअर वाहतो आणि तो सगळा कपॅसिटरमध्ये जातो. करंट स्थिर, म्हणून आउटपुट सरळ रेषेत उतरते: 1 मिलिसेकंदाने उणे 1 व्होल्ट, 5 मिलिसेकंदांनी उणे 5.

गैरसमज: इनपुट शून्य असेल तर आउटपुटही शून्यच हवे.

वस्तुस्थिती: सूत्रात तसे आहे, आयसीत नाही. 741 च्या दोन इनपुट पिनांमध्ये साधारण 1 ते 2 मिलिव्होल्टचा ऑफसेट असतोच. एरवी तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण इंटिग्रेटरचे कामच थेंबे थेंबे तळे साचवण्याचे. 2 मिलिव्होल्ट दर मिलिसेकंदाला साठत गेले, तर सेकंदाला 2 व्होल्ट होतात. साडेसहा सेकंदांत आउटपुट 13 व्होल्टांना जाऊन टेकते. पिनांतून वाहणारा सुमारे 80 नॅनोअँपिअरचा बायस करंट त्यात सेकंदाला आणखी 0.8 व्होल्टचा फरक पाडू शकतो. ऑफसेटची दिशा प्रत्येक आयसीची वेगळी, म्हणून एका टेबलावर अधिक 13 आणि दुसऱ्यावर उणे.

गैरसमज: कपॅसिटरला समांतर मोठा रेझिस्टर लावला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: मिटतो, पण किंमत मोजून. 100 किलोओहम लावले तर डीसीसाठी गेन 10 वर थांबतो आणि ऑफसेटचा परिणाम काही दशक मिलिव्होल्टांतच राहतो. मात्र 16 हर्ट्‌झच्या खाली हे सर्किट इंटिग्रेटर राहत नाही, साधा अँप्लिफायर बनते. बेरीज विश्वासार्ह हवी असेल तर फ्रिक्वेन्सी त्याच्या दहापट, म्हणजे 160 हर्ट्‌झच्या वर ठेवावी. अगदी हळू बदलणारा सिग्नल मोजायचा असेल, तर हा रेझिस्टर न लावता कमी ऑफसेटचा ऑपॅम्प घ्यावा आणि कपॅसिटर रिकामा करणारा रीसेट स्विच द्यावा.

गैरसमज: मल्टिमीटर लावला की तपासणी झाली.

वस्तुस्थिती: मल्टिमीटरवर फक्त पहिली पायरी होते. समांतर रेझिस्टर लावून इनपुट ग्राउंड करा, आउटपुट काही दशक मिलिव्होल्ट असेल तर पुढे जा. खरी परीक्षा सीआरओवर. 1 किलोहर्ट्‌झची, ±1 व्होल्टची स्क्वेअर वेव्ह द्या. अर्धा मिलिसेकंद चढ, अर्धा मिलिसेकंद उतार, म्हणजे 0.5 व्होल्ट पीक-टू-पीकची त्रिकोणी वेव्ह दिसायला हवी. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की उंची निम्मी. उतार सरळ न दिसता वाकलेला दिसला, तर रेझिस्टर-कपॅसिटरच्या किमती पुन्हा वाचा.

इथे दोन गोष्टी फसवतात. फंक्शन जनरेटरचा ऑफसेट नॉब जरासा सरकलेला असेल, तर 50 मिलिव्होल्ट डीसीचे आउटपुटला 500 होतात. आणि सीआरओ एसी कपलिंगवर असेल, तर हाच दोष पडद्यावर दिसत नाही. कपलिंग डीसीवरच ठेवा.

गैरसमज: किंमत जुळली की कोणताही कपॅसिटर चालतो.

वस्तुस्थिती: इथे कपॅसिटर हीच हिशेबाची वही. इलेक्ट्रोलिटिकमधून करंट गळतो, शिवाय आउटपुट दोन्ही दिशांना जात असल्याने त्याची पोलॅरिटी उलटते. अनेक स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरांची किंमत व्होल्टेज आणि तापमानाबरोबर बदलते. काही कपॅसिटर तर शॉर्ट करून सोडले तरी थोडा व्होल्टेज परत दाखवतात. पॉलिएस्टर बरा, पॉलिप्रॉपिलीन उत्तम.

गैरसमज: एकदा चालले की या सर्किटची निगा राखावी लागत नाही.

वस्तुस्थिती: बोर्डावर उरलेला फ्लक्स, धूळ आणि पावसाळी दमट हवा मिळून करंटला आडवाट तयार होते. 15 व्होल्टच्या ट्रॅकपासून उणे पिनपर्यंत 1000 मेगाओहमची गळती असली, तरी 15 नॅनोअँपिअर आत शिरतात. टीएल072 सारख्या एफईटी इनपुटच्या आयसीचा स्वतःचा बायस करंट असतो सुमारे 65 पिकोअँपिअर, म्हणजे गळती त्याच्या दोनशे पटींहून अधिक. महागडी आयसी बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश वापरून बोर्ड धुवा व नीट वाळवा. कपॅसिटर तपासताना त्याचा एक पाय सोडवून घ्या, नाहीतर समांतर रेझिस्टरमुळे रीडिंग चुकते.

गैरसमज: इंटिग्रेटर फक्त परीक्षेपुरता.

वस्तुस्थिती: ज्या डिजिटल मल्टिमीटरने ते 13 व्होल्ट दाखवले, त्याच्या पोटातही बहुधा इंटिग्रेटरच असतो. आयसीएल7106 या आयसीचे उदाहरण घ्या. अज्ञात व्होल्टेज ठरावीक वेळ साठवायचा आणि मग उलट दिशेच्या रेफरन्सने तो शून्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दोन्ही वेळा रेझिस्टर-कपॅसिटर तेच, त्यामुळे त्यांच्या किमतीतली चूक उत्तरात उरत नाही. 40 किलोहर्ट्‌झच्या क्लॉकवर साठवणीचा काळ 100 मिलिसेकंद येतो. तेवढ्यात 50 हर्ट्‌झच्या विजेची पाच पूर्ण आवर्तने होतात आणि तारांतून शिरणाऱ्या गुणगुणीची बेरीज शून्य होते.

ऑफसेट या आयसीतही आहेच. पण प्रत्येक मोजणीआधी ती आपली चूक वेगळ्या कपॅसिटरवर नोंदवते आणि वजा करते. टेबलावरच्या 741 ला ही सोय नव्हती. त्याने दिलेले 2 मिलिव्होल्ट इमानाने साठवले, इतकेच.